गज, कात्री, सुई, दोरा : मराठवाड्यातील घरगुती शिवणाची कहाणी

नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब येथे भाविक ज्या ग्रंथापुढे मस्तक टेकवतात, त्या ग्रंथात एका मराठी शिंप्याच्या हत्यारांची नावे आहेत. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी याच नांदेडात गुरू ग्रंथ साहिबाला गुरुपद दिले. त्या ग्रंथात संत नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. त्यांपैकी आसा रागातील एका पदात नामदेवांनी आपल्या व्यवसायाचे सारे साहित्यच मांडले आहे. मन हा गज, जीभ ही कात्री. पुढे रंगवणे आणि शिवणे. शेवटी सोन्याची सुई आणि रुप्याचा धागा.

नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो. परंपरेनुसार त्यांचे मूळ गाव नरसी. ते आज हिंगोली जिल्ह्यात, म्हणजे नांदेडच्या शेजारीच आहे. पदाचा विषय अर्थातच भक्तीचा आहे. जातीपातीशी मला काय करायचे, असा रोकडा प्रश्नही त्यात आहे. परंतु हत्यारांचा क्रम लक्षपूर्वक पाहावा: आधी माप, मग काप, मग शिवण. हा क्रम प्रत्यक्ष काम केलेल्या हाताचा आहे.

घरी शिवण शिकणारी नवखी व्यक्ती मात्र नेमकी उलट्या दिशेने जाते. प्रथम सुईत दोरा ओवणे, मग सरळ धावदोरा, मग टीप, तुरपाई, काजे. कात्री हाती येते ती फार पुढे, आणि कापड मोजून आखण्याचा धीर त्याहूनही उशिरा येतो. घरगुती शिवणाचा इतिहासही याच उलट्या क्रमाने घडला.

सुई-दोरा मराठवाड्यातील घरांत जुनाच आहे. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवताना लागतो तो केवळ धावदोरा. मात्र तो हजारो वेळा, एकसारख्या अंतराने घालावा लागतो. किनवट-माहूर भागातील तांड्यांवर लमाण स्त्रियांनी हीच सुई आरसे, कवड्या आणि रंगीत दोरे यांच्या साहाय्याने भरतकामापर्यंत नेली. टाक्यांच्या बाबतीत या स्त्रियांना कोणी काही शिकवण्याची आवश्यकता नव्हती.

कापड बेतणे मात्र प्रामुख्याने शिंप्याच्या घराण्यातच राहिले. मराठीत ‘बेत’ म्हणजे योजना आणि ‘बेतणे’ म्हणजे मापानुसार कापड कापणे. शब्दांचे हे नाते अर्थपूर्ण आहे. चुकलेला टाका उसवता येतो, चुकलेला काप परत जोडता येत नाही. उभा धागा कोणता, आडवा कोणता, उरेब कोठे घ्यायचे, बाहीचा गोल किती खोल ठेवायचा, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाई. शिंप्याच्या घरातील स्त्रियाही शिवत. बाहेरच्यांना मात्र हे दार सहसा उघडत नसे.

शब्दसंग्रहातही या कामाचे दोन थर दिसतात. सुई, दोरा, शिवण हे शब्द संस्कृत-प्राकृत परंपरेतील. गज, अस्तर, बखिया, अंगुस्तान हे फारसीतून आलेले, तर कैची तुर्की. (कात्री मात्र संस्कृत ‘कर्तरी’ची लेक आहे, इतिहास इतका नीटनेटका कधीच नसतो.)

मग घरातली चोळी कशी बेतली जाई? त्याचे एक उत्तर ‘खण’ या शब्दात आहे. खण म्हणजे एका चोळीपुरते कापड. पहिले माप विणकरानेच घेऊन ठेवलेले असे. दुसरे उत्तर आजही घरोघरी सापडते: अंगाला नीट बसणारी जुनी चोळी नव्या कापडावर पसरून तिच्या कडेने खूण करणे. युरोपातील शिंपीही फीत प्रचारात येण्यापूर्वी प्रत्येक गिऱ्हाइकासाठी कागदाची किंवा चामड्याची वेगळी पट्टी ठेवून तिच्यावर खुणा करीत. आकड्यांची फीत तिथेही एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाली.

शिवणयंत्राने काय बदलले? आयझॅक सिंगरने १८५१ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतले आणि १८५६ पासून त्याच्या कंपनीने हप्त्यांवर यंत्रे देण्यास आरंभ केला. मराठवाड्यातील गावे बाहेरच्या बाजारपेठांशी जोडली जाऊ लागली ती बरीच पुढे: १९०० साली हैदराबाद–मनमाड लोहमार्गामुळे नांदेड, तर १९११ साली बार्शी लाइट रेल्वेमुळे लातूर. यंत्रांचे टीकाकार असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये एका विद्यार्थ्याशी बोलताना शिवणयंत्राचा अपवाद केला. पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवले, अशी त्यांची समजूत होती. कथा हृद्य आहे, पण खरी नव्हे. सिंगर हा नफ्याच्या शोधातला नट आणि कारागीर होता, आणि एलियास हाउने आपले पेटंट त्याच्याआधीच, १८४६ मध्ये घेतले होते.

गांधीजींचा निष्कर्ष मात्र चुकीचा म्हणता येत नाही. कष्ट खरोखरच कमी झाले, पण ते टाक्यांचे. यंत्र कापड कापीत नाही.

म्हणूनच खरा बदल यंत्रापेक्षा वर्गांनी घडवला. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली सेवासदन सुरू झाले. तेथे स्त्रियांना शिवणकाम शिकवले जाई. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९४८ मध्ये तो मुक्त झाला. पुढे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत ‘कटिंग’ हा शब्द अभ्यासक्रमाच्या नावातच आला. शिंप्याच्या घरात न जन्मलेल्या मुलीच्या हाती आता फीत, खडू आणि कापडाची स्वतंत्र कात्री आली. कागद कापल्याने धार बोथट होते, म्हणून ती वेगळी ठेवण्याची ताकीद पहिल्याच दिवशी मिळते.

ही कात्री उत्पन्नाशीही बांधलेली आहे. नवशिक्या बाईला घरबसल्या मिळणारे पहिले काम बहुधा साडीला फॉल-पिको करण्याचे असते. त्यात बेतकाम नसते आणि मजुरीही कमी असते. ब्लाऊज बेतता येऊ लागला की दर बदलतो. विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीच्या संसारात हा फरक शाळेच्या फीइतका ठोस असतो.

मापांचा गोंधळ मात्र संपलेला नाही. जुना गज २४ तसूंचा, मग ३६ इंचांचा वार, आणि १९५८ पासून क्रमाक्रमाने मीटर. परिणामी नांदेडच्या किंवा लातूरच्या दुकानात कापड मीटरने फाडले जाते आणि घरी तेच कापड इंचांनी बेतले जाते. फितीच्या एका बाजूला सेंटीमीटर छापलेले असतात. ती बाजू बहुतेक वेळा पालथीच राहते. पहिला ब्लाऊज तर कापडावर आखलाही जात नाही. जमिनीवर जुने वर्तमानपत्र पसरले जाते, त्यावर मापाचा ब्लाऊज ठेवला जातो, आणि घरातली बोथट कात्री त्या कागदावरून सावकाश फिरू लागते.