थायरॉईड नेमकं काय असतं? आणि वारंवार मुतखडा होणाऱ्यांनी ‘पॅराथायरॉईड’ची तपासणी का करावी?

सोलापूर : “तिला थायरॉईड झालाय,” हे वाक्य आता गावोगाव ऐकू येतं. बचत गटाच्या बैठकीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, लग्नघरात सगळीकडे. खरं तर थायरॉईड हे आजाराचं नाव नाही. ती एक ग्रंथी आहे आणि ती प्रत्येकाला असते, बाईला असते तशी माणसालाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखरासारखी पसरलेली. वजन जेमतेम १५ ते २० ग्रॅम. तिचं काम बिघडलं की माणूस आजारी पडतो, आणि हे बिघडणं दोन उलट्या दिशांनी होऊ शकतं. म्हणून “मलाही थायरॉईड आहे, तीच गोळी तू घे” असं सांगणारी शेजारीण चांगल्या मनाची असली तरी तिचं ऐकू नये.

ही ग्रंथी रक्तात हार्मोन सोडते. इंजिनाला जसा ॲक्सिलेटर, तसं शरीराला हे हार्मोन. ते कमी पडलं की सगळं मंदावतं, जास्त झालं की सगळं पळायला लागतं.

कमी पडलं तर

आपल्याकडे जास्त आढळतो तो हाच प्रकार. डॉक्टर त्याला हायपोथायरॉईड म्हणतात. सकाळी उठल्यावरच अंग जड वाटतं. खाणं तेवढंच असून वजन वाढतं. बद्धकोष्ठ होतं, कातडी कोरडी पडते, केस गळतात, तोंड सुजल्यासारखं दिसतं, आवाज घोगरा होतो. इतरांना पंखा लागतो तेव्हा हिला गारठा वाजतो. पाळीत अंगावरून जास्त जातं किंवा पाळी पुढे-मागे होते. दिवस राहत नाहीत. काही जणी सांगतात, “कशातच मन लागत नाही, विसरायला होतं.”

अडचण अशी की यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या कशावर तरी खपून जातं. थकवा असेल तर खुरपणीचं काम, केस गळाले तर बोअरचं पाणी, वजन वाढलं तर बाळंतपण. पंडुरोगातही, म्हणजे रक्त कमी असलं तरी, असाच थकवा येतो. त्यामुळे नुसत्या लक्षणांवरून घरच्या घरी निदान होत नाही. अशी दोन-चार लक्षणं एकत्र आली आणि महिना-दोन महिने टिकली, तर रक्ताची टीएसएच ही तपासणी करून घ्यावी.

या तपासणीचा उलटा हिशोब बऱ्याच जणांना गोंधळात टाकतो. टीएसएच वाढलेलं म्हणजे थायरॉईड ‘वाढलं’ नव्हे, ते कमी पडलं. मेंदूखालची एक छोटी ग्रंथी थायरॉईडला काम करायचा हुकूम देते, तो हुकूम म्हणजे टीएसएच. गडी काम करत नसला की मालक जास्त ओरडतो, तसं. मोठ्या माणसांत साधारण ०.४ ते ४ च्या आसपासचा आकडा ठीक मानतात. प्रत्येक लॅबचा आपला आकडा रिपोर्टवर छापलेला असतो. आकडा थोडासाच वर असेल तर डॉक्टर लगेच गोळी न देता काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. त्यात त्यांची टाळाटाळ नसते. आकडा कधी कधी आपोआप खाली येतो.

जास्त झालं तर

इथे चित्र उलटं असतं. भूक भरपूर, तरी वजन उतरतं. छातीत धडधडतं, हात पुढे केले की बोटं थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, चिडचिड होते, वारंवार शौचाला होतं. काहींचे डोळे पुढे आल्यासारखे दिसतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही? पण डिसेंबरच्या पहाटेही घाम फुटत असेल आणि बसल्या जागी नाडी मिनिटाला शंभराच्या वर जात असेल, तर ते उन्हाचं नाही. वयस्कर माणसांत कधी कधी नुसतं वजन उतरणं आणि छातीतली धडधड एवढंच दिसतं, आणि घरचे हृदयाच्या किंवा साखरेच्या तपासण्या करत बसतात.

यावर गोळ्या असतात (कार्बिमाझोल हे त्यातलं नेहमीचं नाव), काहींना ऑपरेशन लागतं, काहींना किरणोत्सारी आयोडीन दिलं जातं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून याच कामात आहे. आयोडीन थेट थायरॉईडमध्येच जाऊन बसतं, म्हणून हा उपचार नेमका तिथेच काम करतो. मात्र गरोदर बाईला तो देत नाहीत, आणि घेतल्यावर काही दिवस लहान लेकरांपासून लांब राहायला सांगतात.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला आणि घसा खूप दुखायला लागला, तर तो साधा ताप समजू नये. ही गोळी क्वचित कधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम कमी करते. त्या दिवशी गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा आणि रक्त तपासायचं. हे फारसं कुणी सांगत नाही, पण जिवावर बेतू शकतं.

गोळी पहाटेची, चहाच्या आधी

हार्मोन कमी असलेल्यांना थायरॉक्सिनची गोळी मिळते. गोळी स्वस्त आहे, गुणकारी आहे, पण घेण्यात चूक झाली की निम्मी वाया जाते. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास काही खायचं-प्यायचं नाही. चहासुद्धा नाही. खेड्यात पहाटे उठल्या उठल्या चहा होतो, मग धारा, मग बाकीचं. म्हणून उशाशीच पाण्याचा तांब्या आणि गोळी ठेवावी. डोळा उघडला की गोळी. चहा होईपर्यंत वेळ निघून जातो.

दुसरी चूक गरोदर बायकांच्या बाबतीत हमखास होते. उपकेंद्रातून लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी मिळते. काही जणी “सगळ्या एकदाच घेऊन टाकू” म्हणून थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेतात. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटातच अडवतात. मध्ये किमान चार तास हवेत. थायरॉईडची पहाटे, कॅल्शियम दुपारी जेवणानंतर, लोह रात्री, अशी वाटणी नर्सबाईंना किंवा डॉक्टरांना विचारून पक्की करून घ्यावी. ॲसिडिटीच्या गोळ्यांचंही तसंच आहे.

तिसरी गोष्ट, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करणं. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. बहुतेकांना ती आयुष्यभर लागते. चष्मा काढला की पुन्हा अंधूक दिसतं, तसंच हे. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्यांनी निघतानाच पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठी सोबत घ्यावी. पत्र्याच्या घरात मे महिन्यात गोळ्या पत्र्याजवळच्या फळीवर ठेवू नयेत, उष्णतेने त्यांचा जोर उतरतो. खाली, कोरड्या आणि गार कोपऱ्यात ठेवाव्यात.

पोटातलं बाळ आणि जन्मलेलं बाळ

या सगळ्या विषयात सगळ्यात मोठं नुकसान होतं ते इथे, आणि ते टाळता येतं.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉईड कामाला लागलेली नसते. त्याच्या मेंदूला लागणारं हार्मोन आईकडूनच जातं. म्हणून जिला आधीपासून गोळी चालू आहे, तिने पाळी चुकल्याचं कळताच डॉक्टरांकडे जावं. बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. “पोटात बाळ आहे, आता औषधं नकोत” असं म्हणून घरातली मोठी माणसं गोळी थांबवतात, ते थेट बाळाच्या बुद्धीवर बेततं. ही गोळी गरोदरपणात सुरक्षित आहे.

काही बाळं जन्मतःच थायरॉईडशिवाय किंवा अपुऱ्या थायरॉईडने येतात. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एक, म्हणजे हे फार दुर्मीळ नाही. असं बाळ जन्मताना अगदी चांगलं दिसतं. पुढे ते फार झोपतं, दूध ओढत नाही, कावीळ लांबते, रडणं घोगरं येतं, बेंबी पुढे येते, जीभ मोठी दिसते. सासू कौतुकाने म्हणते, “किती गुणी लेकरू, रडतसुद्धा नाही.” लक्षणं उठून दिसेपर्यंत मेंदूचं नुकसान झालेलं असतं आणि ते भरून येत नाही. पण पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर मूल इतरांसारखंच वाढतं, शाळा शिकतं. त्यासाठी जन्मानंतर दोन दिवस उलटले की टाचेतून रक्ताचे चार थेंब घेऊन तपासतात. बाळंतपण सरकारी दवाखान्यात होवो की खासगी, घरी निघण्याआधी “बाळाची थायरॉईड तपासणी झाली का?” हा प्रश्न बापाने विचारायचा.

गलगंड, गाठ आणि मीठ

गळा पुढे सुजला की त्याला आपण गलगंड म्हणतो. आरशासमोर मान थोडी वर करून पाण्याचा घोट घ्या. घोटाबरोबर वर-खाली सरकणारी सूज असेल तर ती बहुधा थायरॉईडची. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, तेही मुलांचा गळा याचसाठी पाहतं.

गाठ लागली म्हणजे कॅन्सर असं नाही. बहुतेक गाठी साध्या असतात. पण गाठ भराभर वाढत असेल, टणक असेल, आवाज बसला असेल, गिळायला त्रास होत असेल किंवा मानेला बाजूलाही गाठी लागत असतील, तर सोनोग्राफी आणि सुईची तपासणी लांबवू नये. सुई टोचली की गाठ ‘पसरते’ ही निव्वळ भीती आहे. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे, आणि देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. यासाठी पुण्या-मुंबईलाच पळायला हवं असं नाही. थायरॉईडचे बहुतेक कॅन्सर वेळेत सापडले तर पूर्ण बरे होतात.

आता मीठ. थायरॉईडला हार्मोन बनवायला आयोडीन लागतं. जमिनीत ते कमी असेल तर धान्य-भाजीतही कमी उतरतं. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी आयोडीनचं मीठ देऊन गलगंड घटतो हे दाखवलं, आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १७ मे २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला देशभर बंदी आहे. तरीही बाजारात जाडं, खडे मीठ सुटं मिळतं. ते बऱ्याचदा जनावरांसाठी किंवा लोणच्यासाठी म्हणून घेतलं जातं आणि मग भाजीतही पडतं. समुद्राचं मीठ म्हणजे आयोडीन असणारच, हा समज खोटा आहे. एकादशीला सैंधव चालेल, एका दिवसाने काही बिघडत नाही. पण ‘नैसर्गिक’ म्हणून बारा महिने गुलाबी मीठच खाणाऱ्या घरांना आयोडीन मिळत नाही. पुडीवर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघून घ्यावं आणि मीठ झाकणाच्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवावं.

उलटी अफवाही फिरते की आयोडीनच्या मिठानेच थायरॉईड होतो. मोठ्या माणसांत हार्मोन कमी पडण्याचं आज नेहमीचं कारण वेगळं आहे. शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वतःच्या ग्रंथीवर हल्ला करते. ते घराण्यात चालतं आणि बायकांत जास्त दिसतं. मीठ बदलून ते जात नाही. कोबी-फ्लॉवर शिजवून खाल्ल्यानेही काही होत नाही.

चार तांदळाएवढ्या ग्रंथी

थायरॉईडच्या मागे चिकटून चार बारीक ग्रंथी असतात, साधारण तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्या पॅराथायरॉईड. नावात थायरॉईड असलं तरी काम पूर्ण वेगळं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्याचं. गंमत म्हणजे या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या भारतीय गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये मेलेल्या गेंड्याची चिरफाड करताना रिचर्ड ओवेन यांनी त्या टिपल्या. माणसात त्या १८८० मध्ये स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी दाखवून दिल्या.

यातली एखादी ग्रंथी सुजून जास्त काम करू लागली की ती हाडातलं कॅल्शियम ओढून रक्तात आणते. मग हाडं दुखतात, किरकोळ पडण्यानेही मोडतात. लघवीतून कॅल्शियम गेल्याने मुतखडे होतात. तहान फार लागते, बद्धकोष्ठ होतं, पोट दुखतं, मन उदास राहतं. आपल्या उन्हाच्या जिल्ह्यात मुतखडा घरटी ठाऊक आहे. बहुतेकांना तो कमी पाणी पिण्याने होतो. पण ज्याला खडा परत परत होतो, दोन्ही बाजूंना होतो किंवा सोबत हाडंही दुखतात, त्याने खडा काढून गप्प बसू नये. रक्तातलं कॅल्शियम तपासावं. ते जास्त आलं तर पीटीएच. दोष सापडला तर ती एक ग्रंथी ऑपरेशनने काढली की बहुतेक वेळा आजार मुळातूनच जातो. कॅल्शियम जास्त आलेल्याने “हाडं दुखतात” म्हणून मेडिकलमधून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून खाणं मात्र धोक्याचं आहे.

उलट प्रकार बहुतेकदा थायरॉईडच्या ऑपरेशननंतर दिसतो. त्या बारीक ग्रंथींना धक्का लागतो आणि रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, पायात पेटके येतात, हाताची बोटं आखडून पंजा वाकडा होतो. बीपी मोजताना पट्टा आवळला की हात असा आखडणं ही याची जुनी खूण आहे. कॅल्शियम फारच उतरलं तर झटके येतात. घरचे त्याला फिट समजतात, कुणी बाहेरची बाधा समजून देवर्षीकडे नेतं. गळ्याचं ऑपरेशन झालेल्याला मुंग्या किंवा झटके आले तर रात्र असली तरी दवाखाना गाठावा आणि ऑपरेशन झाल्याचं आधी सांगावं. शिरेतून कॅल्शियम दिलं की काही मिनिटांत हात सैल होतो.

तपासणीसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. टीएसएच तिथे होते का, नमुना पुढे जातो का, हे विचारावं. पुढच्या तपासण्यांना सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. ऑपरेशन सांगितलं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं का, हे भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. जाताना रेशन कार्ड, आधार कार्ड आणि जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत. टीएसएचचा एकच आकडा पाहण्यापेक्षा तो कसा बदलत गेला, यावरून डॉक्टरांना जास्त कळतं.