कोलेस्टेरॉल आणि हार्ट अटॅक: आपल्याच संरक्षक पेशी का भडकतात?

नातेपुते, माळशिरस, अकलूजकडे आता लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून येतो. घरात वडिलांना किंवा काकांना अटॅक येऊन गेला असेल, तर ती फाइल बहुतेक वेळा आधी तुम्हीच उघडता. आणि त्याच फोनवर ‘कोलेस्टेरॉलचा हृदयाशी काही संबंध नाही, गोळ्या बंद करा’ असा फॉरवर्डही येतो. म्हणून हा संबंध नेमका काय आहे, ते आज नीट समजून घेऊ.

कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे आणि तो शरीराला लागतोच. प्रत्येक पेशीच्या आवरणात तो असतो. तो रक्तात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या कणांत बसून फिरतो. एलडीएल कण तो सगळीकडे पोचवतात, एचडीएल कण उरलेला परत यकृताकडे नेतात. एलडीएल जास्त झालं की त्याचे कण धमनीच्या अस्तराखाली शिरून अडकतात आणि तिथे त्यांचं रासायनिक रूप बदलतं.

पेशी कशा भडकतात?

बदललेलं एलडीएल शरीराला परकं वाटतं. मग रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी धमनीच्या भिंतीत शिरतात, तिथे मॅक्रोफेज बनतात आणि हे कण गिळायला लागतात. अँटीव्हायरसने एकेक संशयित फाइल उचलत राहावं आणि शेवटी स्टोरेजच फुल व्हावं, तसं इथे होतं. कोलेस्टेरॉलने गच्च भरलेल्या या पेशींना फोम सेल म्हणतात.

पुढे कोलेस्टेरॉलचे टोकदार स्फटिक तयार होतात. पेशीत एनएलआरपी३ नावाची धोक्याची घंटा असते. स्फटिकांमुळे ती वाजते, हे २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं. घंटा वाजली की इंटरल्यूकिन-१ बीटा हा संदेश सुटतो, आणखी पेशी गोळा होतात आणि सूज वाढते. या पेशींची एन्झाइम्स साठ्यावरचं कवच पातळ करतात. कवच फाटलं की तिथे रक्ताची गुठळी होते, रक्तपुरवठा अडतो आणि अटॅक येतो.

अटॅकनंतर काय होतं?

हृदयाचा मेलेला स्नायू साफ करायला आधी न्यूट्रोफिल आणि मागोमाग मोनोसाइट येतात. ही साफसफाई गरजेचीच आहे. पण २०१२ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात दिसलं की अटॅकनंतर अस्थिमज्जा आणि प्लीहा जास्तीचे मोनोसाइट सोडतात आणि इतर धमन्यांतले जुने साठेही जास्त भडकतात. एक अटॅक आलेल्याला दुसऱ्याचा धोका जास्त का असतो, याचं हे एक कारण असू शकतं.

पुरावा काय?

२०१७ च्या कॅन्टोस चाचणीत अटॅक येऊन गेलेले १०,०६१ रुग्ण होते. त्यांना इंटरल्यूकिन-१ बीटा अडवणारं औषध दिलं. एलडीएल बदललं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या डोसवर अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटलं. म्हणजे सूज हा वेगळा धोका आहे. पण औषध महाग, आणि जीवघेण्या जंतुसंसर्गाचं प्रमाणही थोडं वाढलं, त्यामुळे हृदयरोगासाठी ते वापरात आलं नाही.

‘मी तर बारीक आहे!’

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं. पोटातली जास्तीची चरबीही सूज वाढवणारे संदेश सोडते. दक्षिण आशियात पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, इतर देशांपेक्षा सुमारे सहा वर्षं आधी. त्यामुळे नुसता वजनकाटा बघून निवांत राहू नका.

रिपोर्ट वाचताना

• एलडीएल: अटॅक येऊन गेलेल्यांसाठी भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये ५५ मिलिग्रॅमपेक्षा कमी हे लक्ष्य दिलं. लॅबच्या छापील रेंजमध्ये ‘नॉर्मल’ दिसलं तरी या रुग्णासाठी ते जास्त असू शकतं.
• अटॅकनंतरच्या पहिल्या काही दिवसांत एलडीएल तात्पुरतं कमी दिसतं. त्यावरून ‘कोलेस्टेरॉल नव्हतंच’ असं ठरवू नका.
• एचएस-सीआरपी: ही सुजेची खूण. पण साध्या तापानेही ती वाढते.
• स्टॅटिन एलडीएल कमी करतं, शिवाय सूजही काहीशी उतरवतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी थांबवायची नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. नातेपुत्यापासून सोलापूर शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून सर्च करत बसू नका. लगेच १०८ लावा आणि जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. रक्त अडलेलं असताना दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.