राष्ट्रांच्या नावाने धावलेल्या मोटारी



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी मोटारींच्या शर्यतींचा विषय घ्यावा, याचे नवल अनेकांना वाटले असेल. संतवाङ्मय, शाहिरी कविता, नाही तर सयाजीराव महाराजांचा ग्रंथव्यवहार हे माझ्या वाट्याचे विषय. परंतु आयुष्यभर ग्रंथांच्या सहवासात राहिल्यावर एक गोष्ट ध्यानात येते. जे ग्रंथ टिकले त्यांचा इतिहास लिहिला जातो. जी नियतकालिके चार वर्षांत बंद पडली त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. वस्तुतः समाजाच्या मनाचा ठाव घेण्यास ही बंद पडलेली नियतकालिकेच अधिक उपयोगी पडतात. आज ज्या शर्यतमालिकेविषयी बोलणार आहे ती अशीच चार हंगाम चालून बंद पडली. तिचे नाव ए-वन ग्रांप्री. तिच्यात भारताचा संघ होता, त्याने दोन शर्यती जिंकल्या, आणि तरीही या सभागृहात तिची आठवण असणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील.

आरंभी शर्यतीच्या मोटारीविषयी दोन शब्द. आपल्या रस्त्यावरच्या मोटारीची चाके पत्र्याच्या आच्छादनाखाली असतात. फॉर्म्युला वन आणि तिच्या जातकुळीतील गाड्यांची चाके उघडी, अंगाबाहेर असतात आणि बसण्यास एकच आसन असते. अशा उघड्या चाकांच्या गाड्यांच्या मालिका जगात अनेक निघाल्या. फॉर्म्युला वनचे अजिंक्यपद १९५० पासून अखंड चालू आहे. तिच्याशेजारी रुजू पाहणाऱ्या कित्येक मालिका मात्र वठून गेल्या.

राष्ट्राविरुद्ध राष्ट्र अशी मोटारींची शर्यत लावण्याची कल्पना नवी नव्हे. न्यूयॉर्क हेरल्ड या वृत्तपत्राचे मालक जेम्स गॉर्डन बेनेट (आफ्रिकेत लिव्हिंगस्टनच्या शोधासाठी स्टॅन्लेला धाडणारे तेच हे गृहस्थ) यांनी एक करंडक ठेवला आणि १९०० ते १९०५ या काळात त्यासाठी सहा शर्यती झाल्या. प्रत्येक देशाच्या मोटार क्लबाने जास्तीत जास्त तीन गाड्या पाठवाव्यात, आणि गाडीचा प्रत्येक भाग त्याच देशात तयार झालेला असावा, अशी अट होती. ती किती कडक होती पाहा. १९०१ साली ब्रिटनच्या नेपिअर गाडीला परदेशी टायर बसवावे लागले, आणि तेवढ्यावरून ती करंडकासाठी अपात्र ठरली. पुढच्याच वर्षी सेल्विन एज यांनी नेपिअर गाडीतूनच तो करंडक ब्रिटनला मिळवून दिला. १९०३ ची शर्यत त्यामुळे ब्रिटनकडे आली. परंतु तेथील रस्त्यांवर शर्यतीस कायद्याने मज्जाव असल्याने ती आयर्लंडमध्ये घ्यावी लागली. ब्रिटिश गाड्यांचा हिरवा रंग त्या आयरिश शर्यतीपासून आला असे सांगतात. फ्रान्सचा निळा, पुढे इटलीचा लाल, जर्मनीचा प्रथम पांढरा व मग रुपेरी, अशी रंगांची परंपरा सुमारे सहा दशके चालली. १९६८ मध्ये लोटस संघाने आपल्या गाड्या सिगारेटच्या जाहिरातीच्या रंगात रंगवल्या आणि ती परंपरा मागे पडू लागली.

हा करंडकही टिकला नाही, परंतु त्याचे कारण वेगळे. मोटार-उद्योगात फ्रान्स त्या वेळी सर्वांच्या पुढे होता. त्याच्याकडे डझनभर कारखानदार असताना तीनच गाड्यांची मर्यादा त्याला जाचू लागली. फ्रान्सने करंडकाकडे पाठ फिरवली आणि १९०६ मध्ये ल माँ येथे स्वतःची ग्रांप्री भरवली. करंडकाचे नाव विरले; स्पर्धा मात्र ग्रांप्रीच्या रूपाने पुढे चालली.

सुमारे शंभर वर्षांनी दुबईच्या राजघराण्यातील शेख मक्तूम हशर मक्तूम अल मक्तूम यांनी राष्ट्रांच्या शर्यतीची कल्पना पुन्हा उचलली. फुटबॉलला विश्वचषक आहे, क्रिकेटला आहे, मग मोटार-शर्यतींना का नसावा, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न भाबडा नव्हता. फॉर्म्युला वनमध्ये धनाढ्य संघांची गाडीच मुळात वेगवान असते, त्यामुळे चालकाचे कर्तृत्व किती आणि यंत्राचे किती, हा वाद तेथे कधी मिटत नाही. तेव्हा सर्व राष्ट्रांना एकसारखी गाडी द्यावी आणि कोणत्या देशाचा चालक श्रेष्ठ ते पाहावे, अशी योजना ठरली. ब्रिटनच्या लोला कंपनीचा सांगाडा आणि झायटेक कंपनीचे ३.४ लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन असलेली एकच गाडी सर्वांसाठी बांधण्यात आली. फॉर्म्युला वनच्या विश्रांतीचा काळ साधून शरद ऋतूपासून वसंतापर्यंत हंगाम ठेवला. प्रत्येक फेरीत एक छोटी व एक मोठी अशा दोन शर्यती. गुण राष्ट्राच्या खात्यावर जमा व्हायचे, चालकाच्या नव्हे. दर फेरीला चालक बदलण्यासही मोकळीक होती.

२५ सप्टेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे पहिली फेरी झाली. ब्राझीलतर्फे धाकट्या नेल्सन पिके याने दोन्ही शर्यती जिंकल्या. पहिल्या हंगामात पंचवीस राष्ट्रांचे संघ उतरले. त्यांच्यामागे उभी असलेली माणसेही लहान नव्हती. ब्राझीलकडे एमर्सन फिटिपाल्डी, ब्रिटनकडे जॉन सर्टीस, ऑस्ट्रेलियाकडे ॲलन जोन्स हे तिघेही माजी जगज्जेते. पोर्तुगालच्या संघात फुटबॉलपटू लुईस फिगो याची भागीदारी होती. ज्यांना मोटार-शर्यतींचा फारसा इतिहास नाही असे लेबनॉन, इंडोनेशिया व पाकिस्तान हेही देश होते. फॉर्म्युला वनच्या रांगेत पाकिस्तानचा ध्वज कधी दिसला नाही. येथे तो भारताच्या ध्वजाबरोबर दिसला. वृत्तपत्रांना याहून अधिक काय हवे होते? आणि तरीही भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्याच्या दिवशी जसे रस्ते ओस पडतात, तसे या शर्यतीमुळे एखादी गल्लीही ओस पडल्याचे ऐकिवात नाही.

असे का झाले? पैसा अपुरा पडला हे उत्तर सहज दिले जाते, आणि ते खोटे नाही. त्याकडे मी येईनच. परंतु माझ्या मते मूळ दोष गॉर्डन बेनेट यांच्या अटीशी तुलना केल्यावर दिसतो. त्या करंडकात गाडीचा टायरदेखील स्वदेशी लागे. म्हणून नेपिअर जिंकली तेव्हा ब्रिटनचे कारागीर, कारखाने आणि पोलादसुद्धा जिंकले. ए-वनमध्ये भारताची गाडी इंग्लंडमध्ये बनलेली, पाकिस्तानची तीच, जर्मनीचीही तीच. राष्ट्राचे असे त्यात काय होते? चालक आणि रंग. बरे, संघ तरी? गाडीची देखभाल करणारे पथक बहुधा युरोपातील एखाद्या व्यावसायिक शर्यत-कंपनीचे असे. पहिल्या हंगामात फ्रान्स अजिंक्य ठरला आणि स्वित्झर्लंड दुसरा आला. या दोन्ही संघांचा कारभार डाम्स या एकाच फ्रेंच कंपनीकडे होता. एकाच कार्यशाळेतून दोन राष्ट्रे निघाली. पाकिस्तानचा चालक ॲडम खान इंग्लंडमध्ये जन्मलेला. यात त्या चालकाचा कमीपणा नाही. परंतु कराची-लाहोरच्या पोराने ज्याचे नाव घ्यावे असा तो तेथल्या मैदानातून वर आलेला नव्हता.

भारताचेही तसेच झाले. पहिल्या हंगामात करुण चंढोक आणि जेमतेम सोळा वर्षांचा अरमान इब्राहिम हे भारतातर्फे उतरले, हाती फारसे लागले नाही. पुढे नारायण कार्तिकेयन आला. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला हा पहिला भारतीय. त्याने डिसेंबर २००७ मध्ये चीनमधील झुहाई येथे मोठी शर्यत जिंकली, आणि मे २००८ मध्ये ब्रँड्स हॅच येथे पुन्हा एकदा. सर्वांना सारखीच गाडी असताना मिळवलेले हे विजय होते. म्हणजे यंत्राचा आधार नसलेले, निव्वळ चालकाचे. गुणवत्तेच्या दृष्टीने भारतीय क्रीडेतिहासात त्यांना मानाचे स्थान मिळावयास हवे होते. मिळाले नाही. चार हंगामांत ए-वनची एकही फेरी भारतात झाली नाही. झुहाईला ध्वज वर चढला तेव्हा तो पाहण्यास मैदानावर आपली माणसे किती असणार?

ज्या पट्टीने आपण हे मोजतो ती पट्टी आपल्या बडोद्याचीच आहे. बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. संस्थान गेले, ध्वज गेला, नाणी गेली. रणजी करंडकात मात्र बडोद्याचा संघ गुजरातहून वेगळा म्हणून राहिला. १९४७ च्या मार्चमध्ये होळकरांविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजय हजारे आणि गुल महंमद यांनी केलेली ५७७ धावांची भागी येथल्या माणसांनी स्वतः पाहिली, मुलांना सांगितली, मुलांनी नातवंडांना. इंदूरकर मंडळी तोच सामना पराभवाच्या बाजूने सांगतात, आणि तेही तितक्याच जिव्हाळ्याने. २००१ मध्ये बडोद्याने पुन्हा करंडक जिंकला तेव्हा नकाशावर नसलेल्या एका राज्याचा जयजयकार झाला. ए-वनकडे राष्ट्रे होती, नकाशे होते, ध्वज होते. एवढी एक भागी मात्र नव्हती, आणि ती जमण्यास चार हंगाम पुरत नाहीत.

शिवाय या मालिकेचा कारभार पाहता जिव्हाळा निर्माण होण्यास फार उसंतही नव्हती. एक प्रसंग त्या घाईचा नमुना म्हणून सांगण्याजोगा आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये बीजिंगच्या रस्त्यांवर फेरी ठरली. गाड्या सरावास बाहेर पडल्या आणि असे आढळले की एक वळण इतके अरुंद आहे की या गाड्यांना ते घेताच येत नाही. मग सराव थांबवून मार्गात बदल करावा लागला. जगाचा विश्वचषक म्हणवणाऱ्या स्पर्धेत वळणाची मोजणी कोणी केली नव्हती!

२००६ मध्येच शेख मक्तूम बाजूला झाले आणि दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक टोनी तेशेरा यांच्याकडे सूत्रे गेली. दुसरा हंगाम जर्मनीने जिंकला. त्यांचा चालक निको हुल्केनबर्ग पुढे फॉर्म्युला वनमध्ये दीर्घकाळ टिकला, आणि त्याची कीर्ती त्याच्याबरोबर गेली, ए-वनकडे काही उरले नाही. तिसरा हंगाम नील यानीच्या जोरावर स्वित्झर्लंडने घेतला. त्यानंतर मोठी उडी घेण्याचे ठरले. लोला गाड्या निवृत्त करून फेरारीशी करार झाला. फॉर्म्युला वनच्या २००४ सालच्या फेरारीवर बेतलेला सांगाडा आणि फेरारीचेच इंजिन. नावाचा दबदबा मोठा, खर्चही तितकाच. गाड्या वेळेवर सिद्ध झाल्या नाहीत. सप्टेंबर २००८ मधील इटलीची, म्हणजे खुद्द फेरारीच्या अंगणातली पहिली फेरी रद्द झाली. हंगाम ऑक्टोबरात हॉलंडमध्ये सुरू झाला. तेथेही सर्व संघांच्या गाड्या तयार नव्हत्या. त्याच महिन्यांत जगभर बँका कोसळत होत्या, आणि अशा काळात एखाद्या धनिकाने एका देशाचा संघ पोसावा ही अपेक्षा फोल होती. पुढे इंडोनेशियाची फेरीही बारगळली.

३ मे २००९ रोजी ब्रँड्स हॅच येथेच, जेथे आरंभ झाला तेथेच, ॲडम कॅरलने आयर्लंडला अजिंक्यपद मिळवून दिले. ती शेवटची शर्यत ठरली. जून २००९ मध्ये मालिका चालवणारी ब्रिटिश कंपनी अवसायनात निघाली. पुढच्या हंगामाची पहिली फेरी ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातील सर्फर्स पॅरडाइज येथे जाहीर झाली होती. तिकिटे विकली जात होती, प्रेक्षक येणार होते. परंतु गाड्या इंग्लंडमध्ये बुडीत कंपनीच्या ताब्यात अडकलेल्या, त्या सोडवता आल्या नाहीत. अवघे काही दिवस उरले असताना फेरी रद्द झाल्याचे कळवण्यात आले, आणि संयोजकांनी ऑस्ट्रेलियाच्या स्थानिक बंद चाकांच्या गाड्यांवर कार्यक्रम निभावून नेला. राष्ट्रांचे संघ होते, पण गाड्या एकाही राष्ट्राच्या हाती नव्हत्या. कोठी एकाच्या हाती आणि तिला कुलूप. मग बाहेर कितीही ध्वज फडकले तरी शर्यत कशी होणार?

याच सुमारास युरोपात दुसरा एक प्रयोग चालला होता, त्याचा उल्लेख केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. २००८ मध्ये सुपरलीग फॉर्म्युला नावाची मालिका निघाली. तिच्यात गाड्या फुटबॉल क्लबांच्या नावाने धावत: लिव्हरपूल, मिलान, आंडरलेख्त, गालातासराय. फुटबॉलच्या मैदानावरची शंभर वर्षांची निष्ठा रंगाच्या डब्यातून मोटारीवर आणता येईल अशी कल्पना. पहिले अजिंक्यपद चीनच्या बीजिंग ग्वोआन या क्लबाच्या गाडीने मिळवले, आणि ती हाकणारा दाविदे रिगोन इटालियन होता. लिव्हरपूलने २००९ मध्ये अजिंक्यपद घेतले. परंतु लिव्हरपूलच्या चाहत्यांनी त्याची गणना आपल्या करंडकांत केल्याचे दिसत नाही. २०११ मध्ये या मंडळींनी क्लबांच्या जोडीला राष्ट्रांची नावे घेतली, म्हणजे दोन वर्षांपूर्वी निवर्तलेल्या ए-वनचीच कल्पना अंगावर चढवली. दोन फेऱ्या झाल्या आणि तीही मालिका थांबली.

भारतात त्याच २०११ च्या ऑक्टोबरात नोएडाजवळ फॉर्म्युला वनची पहिली इंडियन ग्रांप्री झाली, आणि तिच्यात कार्तिकेयन एका मागच्या फळीतील स्पॅनिश संघाची गाडी घेऊन धावला. मैदान भरलेले होते. त्या दिवशी तो सतरावा आला. तीन वर्षांनी तीही शर्यत भारतातून गेली, परंतु तिची हकीकत निराळी आहे.

आता राहिल्या त्या लोला गाड्या. पहिल्या तीन हंगामांत ज्यांच्यावर अनेक देशांचे रंग चढले होते, त्यांच्यापैकी काहींना पुढे गिऱ्हाईक मिळाले. २०१० पासून ऑटो जीपी नावाच्या एका युरोपीय मालिकेत त्याच सांगाड्याच्या गाड्या धावू लागल्या, आणि तेथे त्यांच्या अंगावर पुरस्कर्त्यांच्या जाहिराती होत्या.