पन्नासची लेन्स आणि अंधाऱ्या खोलीचा हजार वर्षांचा हिशेब

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. बारावीनंतर त्याने निकाह-वलीम्याचे फोटो काढण्याचे काम सुरू केले आहे. मर्दाना बाजूचे फोटो तो काढतो, जनान्यातले त्याची मोठी बहीण. कॅमेरा एकच आहे, दुसरा कार्यक्रमाच्या दिवशी भाड्याने आणतात. दोन्हींवर कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची साधी झूम लेन्स. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यावर एकच नाव लिहिलेले होते: पन्नास मिलिमीटर, एफ/१.८.

"सर, सगळे म्हणतात ही घेतलीच पाहिजे. दहा हजारांच्या आतबाहेर पडेल. तेवढेच साठलेत. घेऊ का?"

मी इतिहास आणि भाषा शिकवणारा माणूस. मला लेन्सचे दुकानदारी ज्ञान नाही. पण दहा हजार म्हणजे त्याच्या अब्बांच्या शिलाई मशीनवरची बरीच रात्रपाळी. म्हणून घाईने 'हो' म्हणवेना. दोघे बसलो आणि सुरुवातीपासून हिशेब मांडला. तोच हिशेब इथे लिहितो आहे.

सुरुवात एका गैरसमजापासून करावी लागेल. आपल्या मोबाइलवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो: कॅमेऱ्याचा शोध मुसलमानांनी लावला, इब्न अल-हैसमने लावला, आणि 'कॅमेरा' हा शब्दही अरबी आहे. यातले शेवटचे सरळ चूक आहे. 'कॅमेरा' हा लॅटिन शब्द, अर्थ खोली. आपण उर्दूत ज्याला 'कमरा' म्हणतो तो शब्दही पोर्तुगीजांच्या तोंडून हिंदुस्थानात आला. इब्न अल-हैसम त्या खोलीला अरबीत 'अल-बैत अल-मुझलिम' म्हणत, म्हणजे अंधारे घर. आणि छोट्या छिद्रातून उलटी प्रतिमा पडते हे त्यांच्याआधी चीनमध्ये आणि ग्रीसमध्येही लोकांनी पाहिले होते.

मग त्यांचे मोठेपण कशात? बसऱ्यात इसवी सन ९६५च्या सुमारास जन्मलेल्या आणि कैरोत हयात घालवलेल्या या माणसाने 'किताब अल-मनाझिर' लिहिताना ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. त्यांनी छिद्रासमोर अनेक दिवे ओळीने ठेवले. पलीकडे भिंतीवर तितकेच उजेडाचे ठिपके पडले. एक दिवा झाकला, तर नेमका त्याचाच ठिपका नाहीसा झाला. म्हणजे उजेड सरळ रेषेत येतो आणि एका छिद्रात अनेक किरण आले तरी ते एकमेकांत मिसळून जात नाहीत. मोठमोठ्या नावांच्या ग्रंथांनाही तपासून घ्या, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याला अभिमान बाळगायचाच असेल तर या सवयीचा बाळगावा. खोट्या व्युत्पत्तीची गरज नाही.

त्या अंधाऱ्या खोलीत एक अडचण होती, आणि पुढची हजार वर्षे माणसे तिच्याशीच झगडत राहिली. छिद्र बारीक ठेवले तर प्रतिमा रेखीव, पण अंधूक. छिद्र मोठे केले तर उजेड भरपूर, पण प्रतिमा पुसट. दोन्ही एकदम हवे असेल तर काय करायचे?

उत्तर होते भिंग. इथे भाषेच्या शिक्षकाला राहवत नाही म्हणून सांगतो: लॅटिनमध्ये 'लेन्स' म्हणजे मसूर. दोन्ही बाजूंनी फुगीर काच मसुरीच्या दाण्यासारखी दिसते म्हणून ते नाव. उर्दूतला 'अदसा' हा लेन्ससाठीचा शब्दही अरबी 'अदस'वरून, म्हणजे पुन्हा मसूरच. १५६८ साली व्हेनिसच्या दानिएले बार्बारो यांनी लिहून ठेवले की म्हाताऱ्या माणसाच्या चष्म्याचे भिंग त्या छिद्रात बसवावे, आणि प्रतिमा आणखी रेखीव हवी असेल तर भिंगाच्या कडा झाकून मधलाच भाग उघडा ठेवावा. कॅमेऱ्यात आपण अॅपर्चर लहान करतो ते हेच.

आता १८३९. दागेरची फोटोग्राफी जगासमोर आली, पण त्या कॅमेऱ्याचे भिंग एफ/१५च्या आसपासचे. उन्हातसुद्धा काही मिनिटे लागत. इमारत तेवढा वेळ उभी राहते, माणूस राहत नाही. पुढच्याच वर्षी व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्सव्हाल यांनी आकडेमोड करून एफ/३.६ची लेन्स आखली. उजेड पंधरा पटींहून जास्त. माणसाचा चेहरा टिपणे व्यवहारात शक्य झाले ते इथून. पण त्या लेन्सच्या फोटोत मधला भाग लख्ख आणि कडा पुसट. चेहरा मध्येच असतो, म्हणून लोकांनी ते चालवून घेतले. हे लक्षात ठेवा: जास्त उजेड कधीच फुकट मिळालेला नाही.

कडांचा प्रश्न सोडवायला आणखी अर्धे शतक गेले. १८९६ मध्ये त्साइस कंपनीच्या पाउल रुडोल्फ यांनी 'प्लानार' बनवली: सहा काचा, मधल्या छिद्राच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ आरशातल्या जोडीसारख्या मांडलेल्या. एका बाजूचा दोष दुसरी बाजू बऱ्याच अंशी भरून काढते. आराखडा उत्तम, पण काळाच्या पुढचा. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के उजेड परत फिरतो, आणि असे पृष्ठभाग तिथे आठ होते. तो भटका उजेड फोटोवर धुके पसरवी. १९३५ मध्ये त्साइसच्याच अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर चढवून हे परावर्तन कमी करण्याची रीत शोधली. दुसऱ्या महायुद्धानंतर असे थर सर्रास झाले आणि रुडोल्फ यांच्या आराखड्याचे भाग्य उजळले.

तोवर पन्नास हा आकडाही रुळला होता. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची. तिचा कर्ण सुमारे ४३. त्याला जवळची म्हणून पन्नासची लेन्स बसवली गेली आणि ती जगाची 'नेहमीची लेन्स' ठरली. पुढे १९६०-७०च्या दशकांत जपानी कॅमेरे बहुधा पन्नासच्या लेन्ससहच विकले जात. एकच आराखडा लाखोंनी घडत राहिला. कष्टाचे गणित आधीच कोणीतरी सोडवलेले, यंत्रे बसलेली. म्हणून ही लेन्स स्वस्त. १९८७ मध्ये कॅननने ईएफ ५० एफ/१.८ काढली, १९९० मध्ये तिचे कॅमेऱ्यावर बसवण्याचे कडेही प्लास्टिकचे केले, आणि ते रूप २०१५ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे विकले गेले. नवीन रूपात कडे पुन्हा धातूचे आहे. आतली काचांची मांडणी मात्र रुडोल्फ यांच्याच घराण्यातली.

म्हणजे स्वस्त आहे म्हणून ती कमअस्सल नाही. हे मी विद्यार्थ्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा फुलला. मग कागदावर आकडे मांडले.

झूम लेन्स ५५वर नेली की तिचे छिद्र एफ/५.६च्या पुढे उघडत नाही. १.८ला उजेड त्याच्या साडेनऊ पट. मस्जिदीच्या ट्यूबलाइटमध्ये जिथे शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाला अडकत होते आणि दुल्ह्याचा हात हलला की फोटो वाया जात होता, तिथे आता सव्वाशेवा भाग मिळेल. हा फायदा खरा आहे.

आता पेत्सव्हालच्या कडा आठवा. इथली किंमत वेगळी आहे. त्याच्यासारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर दोन मीटरवरून १.८ला फोटो काढला तर जेमतेम अकरा सेंटिमीटर खोलीचा पट्टाच स्पष्ट येतो. काझीसाहेब स्पष्ट, शेजारचा वकील पुसट. सगळ्या खानदानाचा ग्रुप फोटो घ्यायचा तर छिद्र पुन्हा ४ किंवा ५.६ करावे लागेल, म्हणजे उजेडाचा फायदा गेला. दुसरे असे की लहान सेन्सरवर ही पन्नासची लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ७५-८०सारखी वागते. मागे सरकायला जागा हवी. झूम नाही, पाय आहेत. पण पायांच्या मागे भिंत असेल तर?

"तुझे वाया गेलेले फोटो कुठले आहेत?" मी विचारले. त्याला सांगता येईना. मग म्हटले, आपण दिवे झाकून पाहू. गेल्या तीन कार्यक्रमांचे हललेले, पुसट फोटो काढ आणि प्रत्येकाच्या माहितीत झूम कितीवर होती ते लिही. शिवाय आठवडाभर झूमचे कडे पन्नासवर ठेवून त्यावर चिकटपट्टी लाव आणि तसेच काम कर. एक रुपया खर्च होणार नाही.

आठवड्याने तो बहिणीसोबत आला. वाया गेलेल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त तिच्या बाजूचे होते, आणि त्यातले जवळजवळ सगळे १८ ते २४वर काढलेले. दहा बाय बाराची खोली, वीस बायका, मधे दुल्हन. ती हसून म्हणाली, "सर, पट्टी लावलेल्या कॅमेऱ्यात मला दुल्हनचे नाकच दिसत होते. मी मागे जाणार कुठे? मागे पलंग." त्याने तोवर फक्त स्वतःचेच फोटो डोळ्यासमोर ठेवून लेन्स निवडली होती.

त्या खोलीचे छत पांढरे आणि बुटके असते. तिथे छताकडे तोंड करून मारलेला साधा फ्लॅश अख्ख्या खोलीत मऊ उजेड पसरवतो, आणि तो लेन्सपेक्षा स्वस्तात मिळतो. मस्जिदीत निकाह चालू असताना फ्लॅश बरा दिसत नाही, तिथे पन्नासच हवी. पण आधी काय? तिघांनी ठरवले: आधी फ्लॅश. लेन्स पुढच्या दोन ऑर्डरींनंतर.

ही लेन्स घेण्याजोगी आहे का? नक्कीच आहे. या पैशांत इतकी चांगली काच दुसरी मिळणे कठीण. तुमची अडचण उजेडाची असेल, मागे सरकायला जागा असेल, चेहरे टिपायचे असतील, तर घ्या. घेताना दोन गोष्टी पाहा. निकॉनच्या जुन्या 'डी' प्रकारच्या पन्नासमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे ३००० आणि ५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांवर ती आपोआप फोकस करत नाही. आणि जुनी घेत असाल तर टॉर्च लावून आतून पाहा. आपल्या कोकण-मुंबईच्या पावसाळी हवेत काचांवर बुरशीची जाळी धरते.

अडचण जागेची असेल तर मात्र थांबा. 'सगळे म्हणतात' हे कारण पुरेसे नाही. ज्या माणसाच्या नावाने आपण मेसेज पुढे ढकलतो, त्याने एक एक दिवा झाकून पाहिला होता.