खरेदीखतातील एक अट

भगिनींनो, घराचे खरेदीखत झाले की आपण चतुःसीमा, किंमत आणि सह्या एवढेच पाहतो. बाकीची कलमे वकिलाने वाचावीत अशी आपली समजूत. अमेरिकेत एके काळी त्याच कलमांत अशी अट असे की, ही जागा काळ्या वर्णाच्या माणसास विकू नये, भाड्याने देऊ नये, त्यास तेथे राहू देऊ नये. कोठे कोठे चिनी, जपानी लोकांचीही नावे असत. मालक बदलला तरी अट घराबरोबर पुढे जाई. घरकामाची माणसे मात्र पुष्कळ ठिकाणी यातून वगळलेली असत. म्हणजे त्यांच्या हातचा स्वयंपाक चाले, शेजार चालत नसे! हा प्रकार आपल्याकडे अगदीच अनोळखी आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

1917 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने वर्णावरून वस्त्या वेगळ्या करणारा एका शहराचा कायदा रद्द केला. तेव्हा जे सरकारला करता येईना ते लोकांनी आपापसांतील करारांनी साधले, आणि 1926 साली त्याच न्यायालयाने त्यास हरकत घेतली नाही.

सेंट लुई शहरातील शेली पतिपत्नींना सहा मुले होती. 1945 साली त्यांनी लॅबेडी रस्त्यावर घर घेतले. तेथील तीस मालकांनी 1911 मध्येच पन्नास वर्षांचा करार करून ठेवला होता, हे त्यांच्या गावीही नव्हते. करारातल्याच दुसऱ्या एका घराचे मालक क्रेमर यांनी दावा लावला. खालच्या कोर्टात शेली जिंकले, राज्याच्या वरिष्ठ न्यायालयात हरले. भरल्या संसारानिशी बाहेर पडायची टांगती तलवार घेऊन त्या माउलीने तीन वर्षे कशी काढली असतील, ते ज्यांनी बिऱ्हाडे बदलली आहेत त्यांनाच कळेल.

3 मे 1948 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायाधीशांनी एकमताने शेलींच्या बाजूने निकाल दिला. तीन न्यायाधीश या खटल्यात बसलेच नाहीत. पण निकालात एक मेख होती. असा करार करणे बेकायदा ठरले नाही. कोर्टाने तो अमलात आणावयाचा नाही, एवढेच ठरले. त्यामुळे अटी लिहिल्या जातच राहिल्या. मिनेसोटा राज्याने 1953 साली नव्या अटींना बंदी केली. सबंध देशासाठी कायदा यावयास 1968 उजाडले. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर आठवड्याने, 11 एप्रिल रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यावर सही केली.

अटी मेल्या, पण कागद राहिले. मिनेसोटाने 2019 साली घरमालकास एक अर्ज नोंदवून आपल्या घरावरील अट रद्द झाल्याचे जाहीर करण्याची सोय दिली; जुना मजकूर दप्तरात तसाच राहतो. कॅलिफोर्नियाने 2021 च्या कायद्याने नोंदणी कचेऱ्यांनाच असा मजकूर शोधून झाकावयास सांगितले. मला मिनेसोटाची रीत अधिक पटते. मजकूरच दिसेनासा झाला, तर शेलीबाईंच्या नातवंडांनी आपल्या आजीची हकीकत खरी आहे हे कोणाला कशावरून दाखवावे?