मल्टिकोअर संगणक व कंपायलर : वैज्ञानिक गणनासाठी निवड

एकाच चिपवर दोन किंवा अधिक कोअर (स्वतंत्रपणे गणन करणारे भाग) असलेला प्रोसेसर ज्यात बसवलेला असतो, तो मल्टिकोअर संगणक. घड्याळाचा वेग वाढवत नेला की चिप तापते. ही अडचण टाळण्यासाठी २००५ च्या सुमारास उत्पादकांनी घरगुती संगणकांतही कोअर वाढवण्याचा मार्ग धरला. अनेक साधे प्रोसेसर जोडून मोठे गणित सोडवता येते, हे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्येच ‘परम ८०००’ या महासंगणकाने दाखवले होते. आज खरेदीच्या वेळी पहिला प्रश्न ‘कोअर किती?’ हाच असतो. वैज्ञानिक गणनात मात्र त्याचा क्रम तिसरा लागतो. आधी मेमरीतून सेकंदाला किती आकडे येतात-जातात ते पाहावे, मग कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारे सॉफ्टवेअर, आणि त्यानंतर कोअर.

उदाहरणार्थ, नांदेड जिल्ह्यातल्या धर्माबाद तालुक्यातील गोदावरीवरचा बाभळी बंधारा घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. त्या काळात, म्हणजे पावसाळ्यात, गोदावरीचे पाणी कोठवर चढेल, हा काठच्या शेतकऱ्याच्या पिकाचा प्रश्न आहे. तो गणिताने सोडवायचा तर पात्रावर आणि काठावर चौकटींचे जाळे टाकतात. समजा चौकटी ४००० × ४००० आहेत आणि प्रत्येकीत पाण्याची खोली व दोन दिशांचे वेग अशा तीन संख्या आहेत, प्रत्येक ८ बाइटची. एका क्षणाची स्थिती ३८४ मेगाबाइट भरते. जुनी स्थिती वाचून नवी लिहायची, म्हणजे दर पायरीला किमान ७६८ मेगाबाइटची ये-जा. सर्वसाधारण प्रोसेसरच्या कॅशमध्ये (चिपवरच्या छोट्या, वेगवान मेमरीत) एवढे मावत नाही. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन चॅनेलची कमाल क्षमता सेकंदाला ५१.२ गिगाबाइट, ती पुरेपूर मिळाली तरी एका पायरीला १५ मिलिसेकंद लागणारच, मग कोअर ८ असोत की १६. त्याच मशीनमध्ये १६ जीबीची एकच स्टिक लावली तर ही क्षमता निम्म्यावर येते. ८-८ जीबीच्या दोन लावाव्यात. शिवाय संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवलेली मर्यादा आहेच : १० टक्के काम एकामागून एक होणारे असेल, तर १६ कोअरवरही वेग ६.४ पटींपुढे जात नाही.

कंपायलरचे महत्त्वही इथेच कळते. फोरट्रान भाषेत द्विमितीय सारणीचा स्तंभ मेमरीत सलग असतो, सी भाषेत ओळ. फोरट्रानमधला आतला लूप चुकून ओळीवरून फिरवला, तर वरच्या उदाहरणात दर संख्येला ३२,००० बाइटची उडी पडते. मेमरीतून एका वेळी ६४ बाइट येतात, त्यांतले बहुधा ८ च वापरले जातात. क्रम नीट असेल, तर चांगला कंपायलर एव्हीएक्स-२ च्या आदेशांनी चार संख्यांवर एकदम काम करतो. त्यासाठी त्याला ऑप्टिमायझेशनचा पर्याय स्पष्ट द्यावा लागतो. ‘फास्ट-मॅथ’सारखा पर्याय मात्र बेरजांचा क्रम बदलतो आणि उत्तर हलू शकते, तो लावल्यावर एकूण पाण्याचा ताळा जमतो का, हे पाहिल्याशिवाय निकाल वापरू नये. जीफोरट्रान आणि इंटेलचा आयएफएक्स हे फोरट्रानचे दोन्ही कंपायलर मोफत मिळतात, तेव्हा एकाच प्रोग्रॅमवर दोन्ही ताडून पाहायला खर्च नाही.

पावसाच्या वेगवेगळ्या शक्यतांसाठी लहान गणिते स्वतंत्रपणे चालवायची असतील तर जास्त कोअर उपयोगी पडतात, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे, पण प्रत्येक गणित कॅशमध्ये मावते तोवरच. जीपीयूची (ग्राफिक्स प्रोसेसरची) मेमरी कितीतरी वेगवान असते, हेही मान्य. मात्र तिथे प्रोग्रॅम बराचसा नव्याने लिहावा लागतो आणि तिची मेमरी मर्यादित असते. लॅपटॉपबद्दल दुमत नको : नांदेड-लातूरच्या मे महिन्यात तासन्‌तास चालणारे गणन प्रोसेसर तापवते आणि प्रोसेसर स्वतःच आपला वेग उतरवतो. पैसे देण्यापूर्वी आपला प्रोग्रॅम त्या मशीनवर १, २, ४, ८ थ्रेडांवर (एकाच वेळी चालणाऱ्या भागांवर) चालवून वेळ मोजावा. वेळ जिथे कमी व्हायचा थांबतो, त्यापुढच्या कोअरसाठी पैसे मोजू नयेत.