हूकची स्प्रिंग, बॉईलची हवा

पाठ्यपुस्तकात हूकचा नियम स्थितिस्थापकतेच्या प्रकरणात येतो आणि बॉईलचा नियम वायूंच्या प्रकरणात. त्यामुळे या दोघांचा काही संबंध असेल, असे विद्यार्थ्यांच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात रॉबर्ट हूक हा ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉईलचा साहाय्यक होता. बॉईलच्या प्रयोगांसाठी लागणारा हवेचा पंप त्यानेच बनवला. १६६० साली बॉईलने या प्रयोगांवर लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्दप्रयोग आहे. पाऱ्याचा स्तंभ तोलून धरण्याइतका जोर हवेत नसतो, असा आक्षेप फ्रान्सिस लायनसने घेतला. त्याला उत्तर म्हणून बॉईलने वाकड्या नळीत पारा ओतून घेतलेली मोजमापे १६६२ साली प्रसिद्ध केली. घनफळ निम्मे केले की दाब दुप्पट होतो, हे त्यातून दिसले. हूकने धातूच्या स्प्रिंगचा नियम १६७८ मध्ये उघड केला.

या दोन स्प्रिंगा मोटारसायकलच्या पुढच्या फोर्कमध्ये एकत्र नांदतात. १९३५ साली बीएमडब्ल्यूच्या आर-१२ या गाडीला एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, तेलाने धक्के शमवणारा फोर्क मिळाला. अशा नळीत पोलादी स्प्रिंग, तेल आणि तेलाच्या वर कोंडलेली हवा असते. ही हवा काय करते, ते हिशोबाने पाहू.

समजा, नळीचे क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर आहे आणि हवेचा स्तंभ २० सेंटिमीटर. आत-बाहेर वातावरणाचा दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो. फोर्क १० सेंटिमीटर दबला की हवा निम्मी होते आणि तिचे जादा बल १० किलो भरते. १५ सेंटिमीटर दबला की दाब चौपट होऊन बल ३० किलो होते. पोलादी स्प्रिंगचे बल मात्र एवढ्यात दीडपटच वाढले असते. (झटक्यात दाबलेली हवा तापते, त्यामुळे बल याहूनही जास्त येते.)

ट्रायल्स या क्रीडाप्रकारात हा फरक मोलाचा ठरतो. यात वेगाला महत्त्व नसते. खडकांवरून, ओढ्यांतून पाय न टेकता गाडी न्यायची असते. एकदा पाय टेकला की १ दंडगुण, अडकले किंवा पडले तर ५. म्हणून फोर्क सुरुवातीला इतका मऊ हवा की चाक दगडाला चिकटून राहील, आणि शेवटी इतका कडक की दरडीवरून उतरताना तो तळाला आदळणार नाही. एकट्या पोलादी स्प्रिंगला हे दोन्ही साधणे कठीण. शेवटच्या टप्प्यात हवा मदतीला येते.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोटोक्रॉसच्या गाड्यांच्या फोर्कना हवा भरण्याचे व्हॉल्व्ह आले. पण दाब वाढला की सील नळीला घट्ट बसतात, घर्षण वाढते आणि बारीक धक्के हातापर्यंत पोचतात. पुढे २०१३ मध्ये होंडाने सीआरएफ४५०आर या गाडीत पोलादी स्प्रिंग काढून केवळ हवेवर भिस्त ठेवली; २०१७ मध्ये स्प्रिंग परत आली. हवा हलकी आणि सोयीची खरी, पण तिचा स्वभाव तापमानाप्रमाणे बदलतो.

म्हणून जाणकार एक साधी युक्ती वापरतात: थोडे तेल जास्त घालायचे. आपल्या उदाहरणात तेलाची पातळी २ सेंटिमीटर वाढवली, तर १५ सेंटिमीटर दबल्यावर हवेचा स्तंभ ५ ऐवजी ३ सेंटिमीटर उरतो आणि बल ३० किलोवरून ५० वर जाते. सुरुवातीचा मऊपणा मात्र जवळजवळ तसाच राहतो.

वर्गात हे दाखवायला मोटारसायकलची गरज नाही. इंजेक्शनच्या सिरिंजचे तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबायला सांगावे, आणि दुसऱ्या हातात बॉलपेनची स्प्रिंग द्यावी. एक शेवटी शेवटी हट्टाला पेटते, दुसरी सारख्याच प्रमाणात विरोध करते. दोन प्रकरणांतले अंतर विद्यार्थी बोटांनीच ओलांडतील.